वेळ उरल्यास

थोर साहित्य माणसांना जवळ आणतं. हे वाक्य मी लिहिलेलं आहे. स्टेजवर ते दुसऱ्याने म्हटलं. मी ते लिहायला बसलो त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत, एका थोर साहित्यकृतीमुळेच, शारजातल्या नऊ मराठी कुटुंबांनी आमच्याशी बोलणं बंद केलं होतं. त्यांतलं एक आमच्याच टॉवरमध्ये राहतं. आम्ही लिफ्टमध्ये असलो की त्यांना वर जायचं असलं तरी ते खाली जायचे.

साहित्यकृती फ्रेंच होती. मला फ्रेंच येतं ते कंपनीमुळे. मी दुबईत एका काँट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर आहे, म्हणजे जी इमारत अजून उभी नाही तिला किती पाइप आणि किती एसी लागतील ते सांगतो. कंपनीला एकदा मोरोक्कोत काम मिळणार होतं, म्हणून आम्हा तिघांना दोन वर्षं फ्रेंच शिकवण्यात आलं. काम मिळालं नाही. बाकीचे दोघं फ्रेंच विसरले. मला मात्र वर्गातल्या कपाटात एक जुनी कादंबरी सापडली होती, त्यामुळे विसरायचं राहून गेलं.

लेखकाचं नाव इथे देत नाही. दिलं तरी कोणी ओळखणार नाही, आणि ते कसं उच्चारायचं याबद्दल आमच्या मंडळात अजून एकमत झालेलं नाही. तो नदीकाठच्या एका लहान गावात जन्मला. वडील वजनं-मापं तपासणारे सरकारी इन्स्पेक्टर. ते दुकानात शिरले की दुकानदार कसे हसतात हे त्याने लहानपणापासून पाहिलं, आणि पुढे त्याच्या प्रत्येक पुस्तकात ते हसू आहे. शिकायला तो पॅरिसला गेला आणि वर्षभरात परत आला. पॅरिसवर त्याने एक ओळ लिहिली नाही. जिथे कोणी कोणाला ओळखत नाही तिथलं लिहायचं काय, असा त्याचा सूर दिसतो. मग त्याने त्या एका गावावर सात कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत खून नाही, युद्ध नाही. पहिल्या कादंबरीतली मुख्य घटना अशी की चर्चमधला पुढचा बाक एका घराण्याच्या हातून जातो. दुसऱ्या कादंबरीत तो परत मिळतो.

दुसरी कादंबरी आल्यावर गावाने त्याला वाळीत टाकलं. न्हावी त्याचे केस कापेना. आईला प्रार्थनेसाठी शेजारच्या गावी जावं लागायचं. तीन वेगवेगळ्या बायकांनी पत्रं लिहिली, की कादंबरीतली ती भांडखोर विधवा म्हणजे मीच हे सगळ्या गावाला कळलं आहे. त्यांतल्या दोघींचे नवरे जिवंत होते. चौथं पत्र एका दारू गाळणाऱ्याचं होतं. आमच्या घराण्याला पुस्तकात का घेतलं नाही, अशी त्याची तक्रार होती. एवढं होऊनही लेखक गाव सोडून गेला नाही. कच्चा माल तिथेच होता.

त्याची तिसरी कादंबरी मी सहा वर्षं मराठीत आणत होतो. आम्ही चौघं एका गाडीने शारजातून दुबईला जातो-येतो. इथे त्याला कारलिफ्ट म्हणतात. नाव बरंच वेगवान आहे. सकाळी सव्वा तास, संध्याकाळी दीड, मागच्या सीटवर, मांडीवर वही. भाषांतराची प्रगती पूर्णपणे ट्रॅफिकवर अवलंबून होती. रस्ता मोकळा मिळाला की काम मागे पडायचं. पुढे अपघात झाला असेल तर परिच्छेद पुरा व्हायचा. गाडीचा मालक केरळचा होता. दर महिन्याला तो आरशातून विचारायचा, "युवर फ्रेंचमन, खलास?" मी म्हणायचो, "इन्शाल्ला."

आता मंडळ, म्हणजे शारजातल्या मराठी लोकांचं. आम्ही शारजाच्या अल मजाज भागात राहतो. अल मजाजमध्ये माणसाची किंमत खिडकीवरून ठरते. खाडी दिसणारे पुढच्या रांगेत बसतात. आमच्या खिडकीतून पार्किंग दिसतं. मंडळाचे अध्यक्ष बाविसाव्या मजल्यावर राहतात, त्यांना खाडी आणि कारंजं दोन्ही दिसतं. त्यांचा डॉक्युमेंट क्लिअरिंगचा धंदा आहे. इथे नोकरीला आलेल्या माणसाची पदवी खरी आहे हे ती पदवी पाहून कोणी मान्य करत नाही. तिच्यामागे शिक्क्यांवर शिक्के लागतात, तेव्हा ती खरी होते. असे शिक्के मिळवण्यात अध्यक्षांचं आयुष्य गेलं आहे, आणि त्यांचा शिक्क्यावर जेवढा विश्वास आहे तेवढा माणसावर नाही. अनुभवाने आलेलं मत आहे, मी त्यावर वाद घालत नाही.

मंडळाचा वार्षिक मेळावा ऑक्टोबरात असतो. त्यात दर वर्षी अध्यक्षांच्या पत्नी एक भावगीत गातात. त्यांना सगळे वहिनी म्हणतात, त्यांच्याहून मोठेसुद्धा. एका भावगीताची गेल्या काही वर्षांत तीन झाली होती. या वर्षी वहिनींनी आपणहून माझ्या बायकोला फोन केला. "अगं, तू शिकलेली आहेस म्हणे. या वर्षी वीस मिनिटं तू घे. मी एकच गाईन."

माझी बायको लग्नाआधी बारा वर्षं गाणं शिकली. इथे येऊन चौदा वर्षं झाली, त्यांत ती फक्त स्वयंपाकघरात, एक्झॉस्ट फॅन चालू करून गायली, कारण खालच्या मजल्यावरून एकदा वॉचमनमार्फत निरोप आला होता. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी साडेपाचला उठून फोनवरच्या तानपुऱ्यावर सा लावू लागली. बाथरूममध्ये, दार लावून, दाराच्या फटीला टॉवेल घालून. यमनातला एक छोटा ख्याल आणि एक नाट्यपद, असं तिने ठरवलं होतं. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. म्हणजे तोही विषय नव्हता. फक्त सा होता.

याच सुमारास सेक्रेटरींचा मला फोन आला. मेळाव्याच्या स्मरणिकेत एका रेस्टॉरंटची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली होती. "दोन पानं मोकळी पडलीत. तुमचं ते फ्रेंच काहीतरी चालू असतं ना? द्या त्यातलं. विश्वसाहित्य म्हणून टाकू."

मी अकरावं प्रकरण दिलं. ग्रामदेवतेसारखा तिथे गावाचा एक संत असतो, त्याच्या सणाचं प्रकरण. धान्याचा एक व्यापारी चर्चला घंटा देतो, आणि तिच्यावर स्वतःचं नाव संताच्या नावापेक्षा मोठं ओतून घेतो. मग नोटरीची बायको गाते. ती पहिल्या ओळीपासून बेसूर असते, आणि पुढच्या बाकावरचे लोक पहिल्या ओळीपासून रडत असतात. मागच्या बाकांवर दगडखाणीतले कामगार बसलेले असतात. सबंध गावात सूर कळणारे तेवढेच, पण त्यांना विचारायची पद्धत नसते.

सेक्रेटरींनी ते "सर्वांनी प्रूफ बघून घ्या" असं लिहून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात पहिला फोन आला. आमच्याकडे कोल्हापूरकडचे एक गृहस्थ आहेत, ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचे काँट्रॅक्टर. गेल्या वर्षी त्यांनी मंडळाला पोडियम दिला होता. पोडियमवर पुढून त्यांच्या कंपनीचं नाव, फोन नंबर, आणि खाली बारीक अक्षरांत मंडळाचं नाव आहे.

"आमची चेष्टा करायची होती तर सरळ नाव टाकायचं की," ते म्हणाले. "घंटा कशाला मध्ये आणली?"

"साहेब, ही शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी आहे. फ्रेंच आहे."

"ते आम्हाला सांगू नका. घंटेच्या जागी पोडियम घालून वाचा. वाचा, वाचा. मी धरतो फोन."

मी वाचलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. एक शब्दही बदलावा लागत नव्हता.

संध्याकाळपर्यंत खजिनदारांनी स्वतःला ओळखलं, मग त्यांच्या मेव्हण्यांनी, मग ज्यांच्यावर प्रकरणात काहीच नव्हतं अशा दोन कुटुंबांनी. वहिनींचा फोन आला नाही. त्यांनी ग्रुपवर अंगठा टाकला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेची सुधारित प्रत आली. त्यात वहिनींची तीन भावगीतं होती. माझ्या बायकोचं नाव शेवटी, आभारप्रदर्शनाच्या नंतर, आणि पुढे कंसात: वेळ उरल्यास.

आभारप्रदर्शनानंतर जेवणाचे डबे वाटतात. तिथे वेळ उरत नाही, माणसंही उरत नाहीत.

बायकोने पत्रिका वाचली आणि फोन माझ्यापुढे ठेवला. "अहो, वीस मिनिटं होती माझी. तुमच्या फ्रेंच माणसाने खाल्ली."

"पण त्याने वहिनींना पाहिलंही नव्हतं गं."

"त्याने नाही. तुम्ही पाहिलं होतं ना? मग बारावं प्रकरण द्यायचं."

बाराव्यात काय आहे ते मी तिला सांगितलं नाही. बाराव्यात अध्यक्ष आहेत.

मुलीने फोनमधून डोकं वर केलं. "सो यू आर कॅन्सल्ड, बाबा?"

"मी नाही," मी म्हटलं. "आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला बाथरूममधून सा आला नाही. मला जाग मात्र आली.

मी अध्यक्षांना फोन करून वेळ मागितली. शनिवारी सकाळी बाविसाव्या मजल्यावर कार्यकारिणी बसली. साबुदाणेवडे होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, बैठकीत नसल्यासारख्या, पण सगळं ऐकू येईल अशा उभ्या होत्या. मी पुस्तक नेलं होतं. ते हातोहात फिरलं. जुनं होतं, पानं पिवळी होती. काँट्रॅक्टरांनी एक पान नाकाजवळ नेऊन हुंगलं.

"हा लेखक होता कशावरून?" अध्यक्षांनी विचारलं.

सेक्रेटरींनी तिथल्या तिथे नेटवर शोधलं. त्याच नावाचा एक सायकलपटू निघाला आणि एक चीज. बऱ्याच खाली लेखकही निघाला, फोटोसकट.

"नेटवर काय, काहीही असतं," अध्यक्ष म्हणाले. "फोटो उद्या माझाही टाकाल. आणि समजा, होता. पण हे त्याच्यात असंच लिहिलंय कशावरून? फ्रेंच येतं कोणाला? तुम्हाला. लिहिलं कोणी? तुम्ही. असं कुठलं डिपार्टमेंट चालवून घेईल?"

"मग काय करू सर?"

"लीगल ट्रान्सलेशन आणा. स्टॅम्प मारून. मग कमिटी विचार करील."

"त्याच्यावर माझं काही म्हणणं नाही," काँट्रॅक्टर म्हणाले. "स्टॅम्प असला तर माझं तोंड बंद."

दारातून वहिनी म्हणाल्या, "वडे घ्या ना सगळ्यांनी." मला वगळून सगळ्यांनी घेतले.

शारजातल्याच रोला भागात एका सलूनच्या आणि कॅफेटेरियाच्या मधे लीगल ट्रान्सलेटरचं ऑफिस आहे. आत ट्युनिशियाचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांच्याकडे लग्नाचे दाखले येतात, जन्माचे येतात, मुखत्यारपत्रं येतात. मी टेबलावर कादंबरीचं अकरावं प्रकरण ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, चष्मा काढला.

"हबीबी, यातल्या कोणाचा व्हिसा करायचा आहे?"

"कोणाचा नाही."

"मग कोर्टाला हवंय?"

"नाही. मंडळाला." मंडळ म्हणजे काय हे मी इंग्रजीत समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कोर्ट बरं," ते म्हणाले.

तीन दिवसांनी मी गेलो तेव्हा कागद तयार होते. इंग्रजीत, प्रत्येक पानावर गोल शिक्का, सही, पानं एकमेकांना शिवलेली. वर ठळक अक्षरांत, ज्यांचा याच्याशी संबंध असेल त्यांच्यासाठी. आमची अडचण नेमकी तीच होती. देताना त्यांनी विचारलं, "हा माणूस कधी आमच्या गावी आला होता का? ही गाणारी बाई माझी मामी आहे." मी म्हटलं, तिची इथे बऱ्याच जणांशी ओळख आहे.

भाषांतर अचूक होतं आणि त्यात कादंबरी उरली नव्हती. सदर व्यापाऱ्याने सदर चर्चला एक नग घंटा दिली. सदर नोटरीच्या सदर पत्नीने गायन केले. मी मराठीत "बेसूर" लिहिलं होतं तिथे त्यांनी लिहिलं होतं, गायन हे ऑर्गनशी अनुरूप नव्हते.

पुढच्या शनिवारी पुन्हा बाविसावा मजला. अध्यक्षांनी कागद घेतले, शिक्क्यावरून अंगठा फिरवला, एक पान खिडकीच्या उजेडात धरलं. मागे खाडी चकाकत होती. मजकुराची एक ओळही न वाचता ते म्हणाले, "खरं आहे."

सगळे सैल झाले. काँट्रॅक्टर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हणजे तो व्यापारी मी नव्हेच?"

"नाही हो. मी सांगत होतो ना."

"नाही, ठीक आहे. पण मी तिकडं गावी भावाला फोन करून सांगितलं होतं, की आपल्यावर पुस्तकात आलंय म्हणून." त्यांचा चेहरा उतरला होता. त्या दारू गाळणाऱ्याचं चौथं पत्र मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट समजलं.

वहिनींनी कागद आत नेले होते. त्या वाचून बाहेर आल्या. या घरात ते कागद वाचलेल्या त्या एकट्याच, हे मान्य केलं पाहिजे.

"अहो, यात तर स्पष्ट लिहिलंय," त्या मला म्हणाल्या. "ऑर्गनवाला बरोबर वाजवत नव्हता. बाईंचा काय दोष? आमच्या तबलजीचं अगदी हेच आहे. तुम्ही मराठीत उगीच भलतं केलंत."

मी चूक कबूल केली. त्या सकाळी मी बरोबर भाषांतराची माफी मागितली आणि चुकीच्या वाचनाचे आभार मानले. आयुष्यात याहून उपयोगी साहित्यसमीक्षा माझ्या हातून झालेली नाही.

पत्रिका पुन्हा सुधारली. वहिनींची भावगीतं दोनावर आली. बायकोचं नाव आभारांच्या आधी आलं. वीसऐवजी बारा मिनिटं, कारण लेखक आता ॲटेस्टेड झाल्यामुळे अध्यक्ष स्वतः त्याच्यावर बोलणार होते. विषय, विश्वसाहित्य आणि आपण. भाषण लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. बारा मिनिटं बाराच राहावीत म्हणून मी ते अध्यक्षांना आवडेल असं लिहिलं. थोर साहित्य माणसांना जवळ आणतं, हे त्यातलं पहिलं वाक्य.

मेळावा एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये, सकाळी दहा ते दोन. हॉलमध्ये ज्योत लावायला परवानगी नाही, म्हणून आमची समई बॅटरीची आहे. एका बटणावर चार मान्यवरांनी बोटं ठेवली. पुढच्या तीन रांगा राखीव, मग कुटुंबं, आणि शेवटच्या रांगा बसने आणलेल्या कँपमधल्या लोकांसाठी. ही रत्नागिरी-सिंधुदुर्गकडची माणसं, साइटवर कामं करणारी, कुटुंबं गावी. मंडळ त्यांना दर वर्षी बोलावतं आणि अध्यक्ष भाषणात तसा उल्लेख करतात.

अध्यक्ष पोडियममागे उभे राहून पंचवीस मिनिटं बोलले. लेखकाचं नाव त्यांनी तीन वेळा तीन तऱ्हांनी उच्चारलं. मग सत्कार झाले. मग वहिनींची दोन भावगीतं झाली आणि आग्रहास्तव तिसरं. आग्रह सेक्रेटरींनी केला. पुढची रांग रुमाल काढून बसली होती. माझी बायको विंगेत उभी होती. ती घड्याळाकडे बघत नव्हती, मी बघत होतो. एक वाजून वीस मिनिटांनी तिला बोलावलं.

ती बसली, फोनवर तानपुरा लावला आणि घाई न करता यमन सुरू केला. पहिली दोन-तीन मिनिटं पुढची रांग आपसात बोलत होती. मग पहिली सम आली आणि हॉलच्या अगदी मागून कोणीतरी, हळूच, बरोबर जागेवर, "वा" म्हणालं. ती त्या दिशेने किंचित हसली. त्यानंतर ती कोणासाठी गात होती याबद्दल मला शंका राहिली नाही.

थोड्या वेळाने मागचे दोघं उठून पुढे आले आणि स्टेजसमोर, फोटोग्राफरच्या मोकळ्या जागेत, गालिच्यावर बसले. मग आणखी चौघं. मग अख्खी रांग. मधली कुटुंबंही उठली आणि मिळेल तिथे दाटीवाटीने बसली. काँट्रॅक्टरांनी खुर्ची सरकवून एका वयस्क गवंड्याला जागा दिली. लिफ्टमधलं कुटुंब माझ्या मुलीशेजारी येऊन बसलं. वहिनींनी पर्स मांडीवर घेतली आणि बाजूची राखीव खुर्ची रिकामी केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढच्या रांगेचं पाणी कसं वाचायचं हे मला फ्रेंच माणसाने शिकवलं आहे, पण त्या दिवशी मला ते वाचता आलं नाही. बायको अठरा मिनिटं गायली. सेक्रेटरींनी मनगट दाखवलं, तिने डोळे मिटून घेतले.

या मंडळात पुढची आणि मागची रांग एका गालिच्यावर मी पहिल्यांदाच पाहत होतो. सहा वर्षांचं भाषांतर, शिवलेले कागद, अध्यक्षांच्या तोंडी घातलेलं ते वाक्य, सगळं मला क्षणभर खरं वाटलं. पाणी प्यायला मी मागच्या दाराकडे गेलो. तिथे उभं राहिल्यावर धंद्याच्या सवयीने हात वर, छताच्या ग्रिलकडे गेला. मग मी दारातल्या वेटरला एक प्रश्न विचारला आणि त्याने त्याचं उत्तर दिलं.

परतताना गाडीत, अल मजाजच्या सिग्नलला, बायकोने विचारलं, "लोकांना आवडलं असेल का हो?"

"सगळा हॉल उठून पुढे येऊन बसला की," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली, आणि खिडकीतून खाडी बघत राहिली. एवढं सांगून मी थांबलो. हॉलचे मागचे दोन्ही एसी सकाळपासून बंद होते.